बाळ जेवते, तरी अंगी का लागत नाही? – दोन साखरांची एक परीक्षा



अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की एक वाक्य हमखास कानावर पडते. “ताई, पोरगं खातं सगळं, पण अंगी काही लागत नाही.” सांगणारी आई खोटे बोलत नसते. ती भात-वरण भरवते, अंडे देते, जमेल तेव्हा दूधही देते. तरी तक्त्यावरची रेघ काही वर सरकत नाही. मग शेजारीपाजारी बोलतात. कुणी म्हणते आईच नीट भरवत नाही, कुणी म्हणते नजर लागली, तर कुणी म्हणते, “आपल्या लोकांची हाडंच बारीक, आपली पोरं अशीच राहायची.”

शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त टोचते. त्यात दोष जन्मावर ढकललेला आहे. आणि दोष जन्माचा ठरला की उपाय शोधायचे कारणच उरत नाही.

या अंकात आपण एका साध्या गोड पाण्याची माहिती घेऊ. या गोड पाण्यामुळे शास्त्रज्ञांना लहान मुलांच्या आतड्यात काय चालले आहे ते बाहेरून, सुई न टोचता कळू लागले. त्यातून वरच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले आहे. विषय थोडा शास्त्राचा आहे, पण सावकाश वाचले तर दहावी झालेली आपली मुलगी आजीला समजावून सांगू शकेल.

मॅनिटॉल म्हणजे काय?

या गोड पाण्यातली एक वस्तू म्हणजे मॅनिटॉल. रसायनशास्त्रात तिला साखर-अल्कोहोल म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. पंचशील पाळणाऱ्या घराने घाबरावे असे त्यात काही नाही. ही दारू नव्हे, तिने नशा येत नाही. रेणूची घडण एका विशिष्ट प्रकारची असली की रसायनशास्त्रज्ञ त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणतात, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मॅनिटॉल पांढरे, दाणेदार आणि साखरेपेक्षा कमी गोड असते. निसर्गात ते समुद्री शेवाळात, अळिंबीत आणि काही झाडांच्या चिकात सापडते. युरोपात ‘मॅना’ नावाचा गोड चीक देणारे एक झाड आहे. त्या चिकातून १८०६ साली फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांनी हा पदार्थ वेगळा काढला. त्यावरून मॅनिटॉल हे नाव पडले.

आपल्यापैकी काहींनी हे नाव दवाखान्यात ऐकले असेल. डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली की डॉक्टर शिरेतून मॅनिटॉलची बाटली लावतात. तेच हे. आज आपल्याला त्याचा दुसरा उपयोग पाहायचा आहे, संशोधनातला.

संशोधकांना मॅनिटॉल का आवडते? कारण शरीर त्याचा फारसा उपयोगच करत नाही. आपण खाल्लेली साखर रक्तात गेली की शरीर ती जाळून शक्ती मिळवते, मग ती कुठे किती गेली याचा हिशेब लागत नाही. मॅनिटॉलचे तसे नाही. ते रक्तात शिरले की बहुतेक सगळे जसेच्या तसे मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीत उतरते. म्हणजे लघवीत किती मॅनिटॉल आले हे मोजले की रक्तात किती गेले होते ते कळते. पाहुणा घरात आला, काही न खाता-पिता मागच्या दाराने गेला. दारात बसून मोजले तरी हिशेब बरोबर लागतो, तसे हे आहे.

या गुणामुळे १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ यांच्या गटाने मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते हे तपासण्यासाठी मॅनिटॉल वापरले. पुढे आतड्याचा अभ्यास करणाऱ्यांनीही ते हाती घेतले.

आतड्याची भिंत

आता आपले लहान आतडे कसे असते ते पाहू. त्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. अंग पुसायच्या जाड टॉवेलवर जसे दोऱ्यांचे बारीक फासे उभे असतात, तसे आतड्याच्या आत लाखो बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नातले सत्त्व या रसांकुरांतून रक्तात शिरते. रसांकुर जितके उंच आणि दाट, तितकी शोषणाला जागा जास्त.

या रसांकुरांवर पेशींचा एकच थर असतो. विटेला वीट लागून भिंत उभी राहावी तशा या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. भिंतीला दोन कामे एकाच वेळी करायची असतात. चांगले ते आत घ्यायचे आणि घाण, जंतू, विष बाहेर ठेवायचे.

आता समजा ही भिंत खराब झाली. टॉवेल जुना होऊन त्याचे फासे झिजावेत तसे रसांकुर आखूड झाले आणि विटांमधल्या भेगा उघड्या पडल्या. तर दोन गोष्टी होतील. एक, अन्न पोटात जाईल पण शोषले कमी जाईल. दोन, जंतूंचे अंश भेगांतून आत झिरपतील. मग शरीर त्यांच्याशी लढत बसेल आणि वाढीसाठी लागणारी शक्ती त्या लढाईत खर्च होईल. बाहेरून मात्र काहीच दिसणार नाही. जुलाब नाहीत, ताप नाही, पोटदुखी नाही. फक्त बाळ वाढत नाही.

दोन साखरांची युक्ती

भिंत खराब आहे की नाही हे कसे पाहायचे? पूर्वी एकच मार्ग होता. तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. धडधाकट दिसणाऱ्या शेकडो तान्ह्या मुलांवर असे करणे शक्य नाही आणि योग्यही नाही.

१९७० च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील इयन मेन्झीस यांनी यावर युक्ती पुढे आणली. शरीर जाळत नाही अशा दोन साखरा एकत्र पाजायच्या, एक लहान रेणूची आणि एक मोठ्या रेणूची. नंतर लघवीत दोन्ही किती आल्या ते मोजायचे. आज या परीक्षेत बहुतेक वेळा लहान म्हणून मॅनिटॉल आणि मोठी म्हणून लॅक्टुलोज वापरतात. बद्धकोष्ठावर डॉक्टर जे गोड सिरप देतात, तेच हे लॅक्टुलोज. मॅनिटॉलच्या रेणूचे वजन १८२, तर लॅक्टुलोजचे ३४२, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

मॅनिटॉल लहान असल्याने निरोगी रसांकुरांतून काही प्रमाणात आत जाते. लॅक्टुलोज मोठे असल्याने ते धडधाकट भिंतीतून जवळजवळ जातच नाही. साधारणपणे दिलेल्यापैकी एक टक्काही लघवीत येत नाही. ते आत जाते ते मुख्यतः भेगांतून.

यावरून असे समजते:

मॅनिटॉल कमी आले, तर रसांकुर झिजले आहेत, शोषणाची जागा कमी झाली आहे.

लॅक्टुलोज जास्त आले, तर भिंतीला भेगा पडल्या आहेत.

एक हिशेब करून पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. निरोगी बाळाच्या लघवीत दिलेल्या मॅनिटॉलपैकी १५ टक्के आणि लॅक्टुलोजपैकी ०.३ टक्के आले असे धरा. ०.३ ला १५ ने भागले की ०.०२ येते. दुसऱ्या बाळात मॅनिटॉल ८ टक्के आले आणि लॅक्टुलोज ०.८ टक्के. भागाकार येतो ०.१, म्हणजे पहिल्याच्या पाचपट. झीज आणि भेगा, दोन्ही बिघाड या एका आकड्यात दिसतात.

मग कुणी विचारेल, दोन साखरा कशाला? एकट्या लॅक्टुलोजने काम झाले नसते का? इथेच या युक्तीचे शहाणपण आहे. लहान मुलाची सगळी लघवी गोळा होत नाही. थोडी सांडते, थोडी लंगोटात जाते. समजा पहिल्या बाळाची निम्मी लघवी वाया गेली. तर मॅनिटॉल १५ ऐवजी ७.५ मिळेल आणि लॅक्टुलोज ०.३ ऐवजी ०.१५. भागाकार पाहा, पुन्हा ०.०२ च. जठरातून पाणी हळू उतरले किंवा मूत्रपिंडाने सावकाश गाळले, तरी परिणाम दोन्ही साखरांवर जवळपास सारखाच होतो आणि भागाकार फारसा बदलत नाही. एक साखर दुसरीची साक्षीदार होते.

प्रत्यक्ष परीक्षा अशी होते. बाळाला काही वेळ उपाशी ठेवून वजनाच्या मानाने मोजलेले गोड पाणी पाजतात. पुढचे काही तास, बऱ्याचदा पाच तास, चिकटवायच्या पिशवीत लघवी गोळा करतात. जंतूंनी साखर खाऊ नये म्हणून त्यात जंतुनाशक घालतात. मग प्रयोगशाळेत यंत्रावर दोन्ही साखरा वेगळ्या करून मोजतात. टोचणे नाही, नळी नाही.

गॅम्बियाच्या खेड्यातून आलेले उत्तर

पश्चिम आफ्रिकेत गॅम्बिया नावाचा छोटा देश आहे. तिथल्या खेड्यातील तान्ह्या मुलांवर पीटर लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा पुन्हापुन्हा केली. मुलांची वाढही मोजत गेले. त्यांचा अहवाल १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलांची उंची जी मागे पडत होती, तिच्यातला ४३ टक्के फरक आतड्याच्या या बिघाडाशी जुळत होता. आणखी महत्त्वाचे म्हणजे, जुलाब नसतानाच्या दिवसांतही आतडे दुखावलेलेच होते.

म्हणजे “पोरगं खातं पण अंगी लागत नाही” असे म्हणणारी आई खरेच सांगत होती. तिचे निरीक्षण बरोबर होते; त्याला मोजमापाची जोड नव्हती, ती या परीक्षेने दिली.

पुढे २००९ पासून आठ देशांत मुलांचा जन्मापासून दोन वर्षे अभ्यास झाला. त्याचे नाव ‘माल-एड’. भारतातले ठिकाण होते तामिळनाडूतील वेल्लोर. तिथल्या शहरी वस्तीतली मुले त्यात होती. बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, ब्राझील, पेरू, दक्षिण आफ्रिका, टांझानिया हे बाकीचे देश. या अभ्यासातही मॅनिटॉल आणि लॅक्टुलोजचीच परीक्षा वापरली गेली.

जन्म नव्हे, परिसर

आता सुरुवातीच्या त्या टोचणाऱ्या वाक्याकडे येऊ. “आपली हाडंच अशी.”

१९६० च्या दशकात अमेरिकेचे तरुण स्वयंसेवक पाकिस्तानात, म्हणजे त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातही, कामाला आले होते. तिथे राहू लागल्यावर त्यांच्यातल्या अनेकांच्या आतड्यांचे रसांकुर झिजले, शोषण घटले. डॉ. लिंडेनबॉम यांच्या गटाने १९६६ साली हे प्रसिद्ध केले. हे तरुण मायदेशी परतले, काही काळ गेला आणि त्यांची आतडी सुधारली. उलट बाजूचा पुरावाही मिळाला. न्यूयॉर्कमध्ये राहायला गेलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी लोकांची तपासणी झाली. तिथे राहून काळ लोटला तशी त्यांची आतडी सुधारलेली आढळली. हा अहवाल १९७१ चा.

यातून काय कळते? गोरा इकडे आला की त्याचे आतडे बिघडते, आपला माणूस स्वच्छ पाण्याच्या ठिकाणी गेला की त्याचे सुधारते. रक्त तेच, हाडे तीच, आईबाप तेच. बदलले ते पाणी, गटार आणि आजूबाजूची घाण. आज शास्त्रज्ञ या बिघाडाला ‘परिसरजन्य आंत्रविकार’ अशा अर्थाचे नाव देतात. नावातच कारण सांगितले आहे. विष्ठेतले जंतू पाणी, हात, माती, माश्या यांच्यामार्फत रोज थोडेथोडे पोटात जातात आणि भिंत झिजवतात.

आतड्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या होतात. म्हणजे शरीर भिंत रोज दुरुस्त करतच असते. फक्त रोजचा मारा थांबला पाहिजे.

एक कडू धडा

इथे कुणी म्हणेल, मग घरोघरी संडास बांधा, साबण द्या, काम झाले. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. म्हणून बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे ग्रामीण भागात मोठे प्रयोग झाले. काही कुटुंबांना संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात घालायचे क्लोरीन दिले, काहींना बाळासाठी पूरक आहार, काहींना दोन्ही. निकाल २०१८ आणि २०१९ साली आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले. पण तिन्ही देशांत केवळ संडास, साबण आणि क्लोरीन यांनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने थोडी वाढली.

याचा अर्थ संडास आणि साबण निरुपयोगी असा मुळीच नाही. जुलाब, कावीळ, कॉलरा टाळायला ते हवेतच, आणि आपल्या आयाबहिणींच्या अब्रूसाठीही हवेत. पण संशोधकांनी यातून काढलेला निष्कर्ष आपल्या वस्तीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका घराने हात धुतले आणि बाहेर नाला उघडाच राहिला, तर बाळाचे आतडे वाचवायला ते पुरत नाही. घाणीचा मारा खूपच कमी व्हावा लागतो. त्यासाठी अखंड शुद्ध नळपाणी, बंद गटारे आणि सगळ्या वस्तीची स्वच्छता लागते. एकट्या आईच्या खांद्यावर हा भार टाकता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. तीन मुलांत एकाहून जास्त. हा एवढा आकडा आयांच्या आळसाचा असू शकत नाही.

ही परीक्षा आपण करून घ्यायची का?

नाही. हे स्पष्ट सांगतो. मॅनिटॉलची परीक्षा संशोधनासाठी आहे. शेकडो मुलांच्या गटात काय चालले आहे ते ती सांगते. एका बाळाचा आकडा किती आला म्हणजे आजारी, याची सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. खाण्यातूनही थोडे मॅनिटॉल पोटात जाते, त्याने हिशेब चुकतो. म्हणून कुणी “आतडे गळते आहे, ही महागडी तपासणी करा, हे औषध घ्या” असे सांगितले तर पैसे घालवू नका. घरी मॅनिटॉल किंवा लॅक्टुलोज आणून बाळाला तर अजिबात पाजू नका. त्याने जुलाब होतात.

मग करायचे काय?

१. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, घुटी, मध काही नाही. या काळात घाण पोटात जायचा मुख्य रस्ता यानेच बंद होतो.

२. सहा महिन्यांनंतर ताजे, मऊ वरचे अन्न, स्तनपान चालू ठेवून. डाळ, अंडे, मासळी, शेंगदाण्याचे कूट, पालेभाजी. सकाळचे उरलेले संध्याकाळी भरवू नये.

३. बाळाची शी निरुपद्रवी नसते. ती संडासातच टाकावी, नाल्यात किंवा उकिरड्यावर नाही. नंतर साबणाने हात धुवावेत. भरवण्याआधीही धुवावेत.

४. रांगते बाळ जिथे खेळते तिथे कोंबड्या-शेळ्यांची विष्ठा नसावी. फरशी पुसावी, चटई टाकावी.

५. पाणी उकळून किंवा क्लोरीनचे औषध घालून, झाकून ठेवावे. लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.

६. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी, उरलेले २४ तासांनी टाकून द्यावे. झिंक १४ दिवस द्यावे, सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील बाळाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी झिंक थांबवू नये. शीत रक्त दिसले, डोळे खोल गेले, बाळ सुस्त झाले किंवा पिईनासे झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

७. दर महिन्याला वजन, ठरल्या वेळी उंची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. आशाताईंना त्याच दिवशी सांगावे.

आणि सगळ्यांनी मिळून

बऱ्याच वस्त्यांत नळाची लाईन गटारातून जाते. पाणी सुटलेले असते तेव्हा पाइपात दाब असतो. पाणी बंद झाले की दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून सुरुवातीला येणारे पाणी गढूळ असते. अशा ठिकाणी विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक कागद करावा. कोणत्या गल्लीत, किती वाजता, किती मिनिटे गढूळ पाणी येते, कोणत्या घरात या महिन्यात जुलाब झाले, ते लिहावे. आरोग्य कर्मचाऱ्यांना नळावर ओटी चाचणी करायला सांगावे. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. ती नोंदही त्याच कागदावर घ्यावी. मग अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार विसरली जाते, तारखांची यादी विसरता येत नाही.

शास्त्रज्ञांनी दोन साखरा पाजून जे केले तेच हे आहे. कुणाला दोष न देता मोजायचे, आणि मोजून कारणापर्यंत जायचे.

पुढच्या वजनाच्या दिवशी एखादी आई म्हणाली, “खातं पण अंगी लागत नाही,” तर तिला भरवायला शिकवण्याआधी एक प्रश्न विचारा. “ताई, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?”